आटले की आळले?

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून शब्दांच्या कुळाची चौकशी फार जोरात सुरू झाली आहे. एखादा घरगुती शब्द निघावा आणि तो मुळात कोणाचा यावर दोन तट पडावेत, हे आता नित्याचे झाले आहे. ‘आळणे’ हा त्यातलाच एक. पिठले आळते, खीर आळते, सार आळून येते, ते आळणे. एक तट म्हणतो, शब्द संस्कृतातूनच आला असणार. दुसरा म्हणतो, तो द्राविडीच आहे, त्याला संस्कृताचे गोत्र चिकटवू नका. या दोघांपेक्षा संख्येने मोठा असलेला तिसरा गट म्हणतो, असले शब्द चुलीपाशी ठीक; विज्ञान शिकवायचे तर सरळ इंग्रजी शब्द घ्या, नाहीतर श्यानता (व्हिस्कॉसिटी), क्लथन (कोअ‍ॅग्युलेशन), संघनन (कंडेन्सेशन) असे कोशातले घ्या. हा सगळा वाद चुकीच्या जागी चालला आहे असे माझे मत आहे. पातळ पदार्थ घट्ट होण्यासाठी मराठीत जी क्रियापदे आहेत त्यांची एक काटेकोर व्यवस्था आहे. ती विज्ञानाच्या वर्गात पहिल्या दिवशी आली पाहिजे, आणि तिचे कूळ संस्कृत निघो वा कन्नड, ते तिच्या आड येता कामा नये.

आधी ही व्यवस्था नीट पाहू, कारण वाद घालणारे नेमके तिच्याकडेच पाहत नाहीत. दूध आटते आणि पिठले आळते. दोन्ही शेवटी दाट होतात, पण रोज स्वयंपाक करणारे कोणीही या दोन क्रियापदांची अदलाबदल करणार नाही. आटण्यात भांड्यातला ऐवज कमी होतो. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. ते वाफ होऊन जाते, कडेला सायीच्या रेघा राहतात, पातळी उतरत जाते आणि दुधाची बासुंदी, पुढे रबडी, शेवटी खवा होतो. आळण्यासाठी काही कमी व्हावे लागत नाही. डाळीच्या पिठातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो, पाणी स्वतःत ओढून घेतो, मोकळे फिरणारे पाणी उरत नाही आणि पिठले पळीला जड लागू लागते. खाली उतरवल्यावर स्टार्चचे लांब रेणू निवता निवता पुन्हा एकमेकांना धरतात, म्हणून ते आणखी आळते. ‘जरा सैलच ठेव, निवल्यावर आळेल’ या घरोघरच्या वाक्यात किती माहिती आहे पाहा. दाटपणा पाणी उडाल्याने आलेला नाही, पाणी बांधले गेल्याने आला आहे, आणि तापमान उतरले की तो वाढणार आहे. हे सांगायला अन्नविज्ञानाच्या पुस्तकाला परिच्छेद लागतो.

तूप थिजते. खोबरेल तेलही सुमारे २४ अंश सेल्सियसच्या खाली थिजते, म्हणून डिसेंबरात पुण्यात बाटली उन्हात ठेवावी लागते आणि गोव्याच्या किनाऱ्यावर तेच तेल जवळपास वर्षभर वाहते राहते. पाणी गोठते. दूध विरजते, म्हणजे जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लाने सामू (pH) ४.६च्या आसपास आला की केसीन हे प्रथिन जाळे धरून बसते. तेच दूध तापवताना आंबटाने विस्कटले तर त्याला विरजले कोणी म्हणत नाही, ते फाटते, नासते. प्रथिन तेच आणि आम्लाचा परिणामही तोच, पण जाळे बसले की विस्कटले यावर मराठीचे क्रियापद बदलते. मार लागला की कातडीखाली रक्त साकळते, उघड्या जखमेवर ते गोठते आणि रक्तवाहिनीत त्याची गुठळी होते. आमटी मिळून येते, म्हणजे डाळ आणि पाणी वेगळे पडत नाहीत. तसे पडले की तिचे चोथापाणी होते. इथे तर एका वाक्प्रचारात निलंबनाच्या, म्हणजे द्रवात विखुरलेल्या कणांच्या, स्थिरतेचा सगळा प्रश्न आला आहे.

याच क्रियापदांच्या उलट्या वाटा तपासा. थिजलेले तूप आणि गोठलेले पाणी वितळते. आळलेल्या पिठल्यात आधण घालून घोटले की ते सैल होते. आटलेले दूध आपोआप मागे फिरत नाही, त्यात पाणी बाहेरूनच आणावे लागते, म्हणून त्याला उलटे क्रियापद नाही. आणि विरजलेल्या दुधाचे पुन्हा दूध होते हे सांगणारे क्रियापद मराठीने घडवलेच नाही, कारण तशी गोष्ट होत नाही. शाळेत परिवर्तनीय बदल आणि अपरिवर्तनीय बदल असा धडा असतो आणि दुधाचे दही हे त्यातले ठरलेले उदाहरण. उदाहरण घरातून घेतले आणि शब्द मात्र दारातच थांबवले! ज्या मुलाला थिजणे आणि विरजणे यांतला फरक सहा वर्षांचे असल्यापासून कळतो, त्याला सातवीत दोन जडजंबाल विशेषणे पाठ करायला लावून आपण कोणते ज्ञान वाढवतो?

स्वयंपाकघराबाहेर गेले तर व्यवस्था आणखी बारीक होते. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीत रस उकळत असतो, रानभेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येते, ती काढली जाते आणि मग खरी परीक्षा गूळ करणाऱ्या गुळव्याची. सुमारे १०५ अंशांवर काकवी काढता येते. गुळासाठी पाक ११८ अंशांच्या आसपास न्यावा लागतो. थोडे आधी उतरवले तर ढेप बसत नाही, थोडे उशिरा उतरवले तर गूळ करपतो. गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि बोटांत गोळी वळते का पाहतो. हलवाई एकतारी, दोनतारी, गोळीबंद अशा पायऱ्यांनी पाक ओळखतो. ही मोजमापेच आहेत. दोन बोटांमध्ये पाक ओढल्यावर तार तुटण्याआधी किती ताणते, हे साखरेचे प्रमाण आणि द्रवाचा चिवटपणा पाहण्याचे साधन आहे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चुका सुधारत तयार झाले आहे. विणकरांच्या घरी सुताला खळ पाजतात त्या पाजणीतही हेच ज्ञान आहे: खळ पातळ राहिली तर धागा मागावर तुटतो, फार आळली तर सूत एकमेकांना चिकटते.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे घेऊ. आळणे, आटणे ही प्रक्रियांची नावे आहेत. विज्ञानाला गुणधर्मही मोजायचा असतो, आणि तिथे आपले ‘दाट’ आणि ‘घट्ट’ अपुरे पडतात. हे खरे आहे. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट घन आहे, पण तो पाण्यासारखाच सळसळत वाहतो. एरंडेल पाण्यावर तरंगते, म्हणजे घनतेत हलके, आणि वाहण्यात मात्र कितीतरी आडमुठे. ‘दाट’ म्हटले तर यांतले कोणते? घनता की वाहण्याला होणारा विरोध? आकडा आणि एकक असलेल्या राशीला असा शब्द हवा ज्याच्यावर आधीचे ओझे नाही. म्हणून वाहण्याच्या विरोधासाठी श्यानता राहू द्या, मला ती काढायची नाही. शब्दसिद्धीचा आक्षेपही पोकळ नाही. थिजणेपासून थिजवणे, गोठणेपासून गोठवणे सहज होते. आळणेचे प्रयोजक करायला गेलो की ‘आळवणे’ होते आणि ती जागा देवाने आणि संगीतातल्या रागाने आधीच घेतली आहे. सगळी क्रियापदे सारखी लवचीक नसतात. आणि गावागणिक शब्द बदलतो, एकीकडे ज्याला आळणे म्हणतात त्याला दुसरीकडे नुसते घट्ट होणे म्हणून भागवतात, हेही मान्य.

पण या मुद्द्यांतून निष्कर्ष काय काढायचा? गुणधर्माला एक नवा शब्द लागतो, यावरून प्रक्रियांचे सहा-सात जुने शब्द वर्गाबाहेर काढावेत हे कसे सिद्ध होते? आळणेचे प्रयोजक अडते तिथे मराठी माणूस ‘आळू दे’ म्हणतो आणि पुढे जातो. आळण्याचे तापमान, आळण्याचा वेग, आळल्यावरची श्यानता: या तिन्ही शब्दप्रयोगांत कुठे काही अडले का? आणि कोशातला शब्द सगळीकडे एकच असतो, हा एकवाक्यतेचा दावा तर तपासून पाहावा. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, वैज्ञानिक परिभाषेसाठी केंद्रीय आयोग १९६१ साली आला. तरीही ज्याला काही पुस्तके श्यानता म्हणतात त्यालाच इतर पुस्तके विष्यंदिता म्हणतात. म्हणजे संस्कृत धातूतून घडवला म्हणून शब्द आपोआप एकमुखी होत नाही. एकमुखी होतो तो वापराने. विश्वकोशाने रक्तक्लथन हा शब्द दिला, पण अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकाला डॉक्टर ‘मेंदूत गुठळी आहे’ असेच सांगतात, वर्तमानपत्र तसेच छापते आणि ऐकणाऱ्याला त्यातला धोका क्षणात कळतो. जिथे समजण्यावर जीव अवलंबून असतो तिथे भाषेने निवड केलेली आहे.

घरगुती शब्दाला शास्त्रीय प्रतिष्ठा येत नाही, हा समज तर इतिहासाने केव्हाच खोडला आहे. ज्या इंग्रजी संज्ञा आपण थोर मानतो त्या कुठून आल्या? व्हिस्कॉसिटीच्या मुळाशी लॅटिन ‘विस्कुम’ आहे: बांडगूळ, आणि त्याच्या फळांपासून पाखरे पकडायला करत तो चिकटा. कोअ‍ॅग्युलेशनच्या मुळाशी ‘कोआगुलुम’ आहे, म्हणजे चीज करताना दूध धरवण्यासाठी वासराच्या कोठ्यातून काढलेले मुरवण. थॉमस ग्रॅहमने १८६१ साली कोलॉइड हा शब्द घडवला तो ग्रीक भाषेतल्या डिंक-सरसाच्या शब्दावरून. फासेपारध्याचा चिकटा, गवळ्याचे मुरवण आणि सुताराचा सरस यांवर युरोपचे हे शास्त्र उभे राहिले आणि कोणाला त्यात उणेपणा वाटला नाही. जर्मन तर आणखी सरळ वागतात. त्यांच्याकडे दूध धरले, फाटले की ‘गेरिनेन’, आणि रक्त गोठले तरी तेच क्रियापद. रुग्णालयाच्या तपासणी-अहवालावर छापलेली रक्त गोठण्याची संज्ञा याच शब्दावरून केलेली असते. जगातले नावाजलेले रसायनशास्त्र ज्या भाषेत घडले तिला गवळीवाड्यातला शब्द चालला, मग आपल्याला विरजणे आणि साकळणे का चालू नये?

आपल्याकडचा इतिहासही हेच दाखवतो, पण तो अर्धाच सांगितला जातो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. सचिव, अमात्य ही पदनामे रुजली; जमीन, वसूल, कागद हे रोजच्या वापरातले शब्द जागचे हलले नाहीत. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून महापौर, दिनांक, दिग्दर्शक हे शब्द इतके मुरले की ते नवे होते हेही आज कोणाच्या लक्षात येत नाही. हे यश मोठे आहे आणि मी ते मनापासून मानतो. पण ते कुठे मिळाले? नव्या पदाला, नव्या संस्थेला, नव्या कलेला नाव हवे होते तिथे. जिथे हाताने करायच्या कामाला आधीच क्रियापद होते तिथे घडवलेला शब्द क्वचितच टिकला. श्यानता आणि आळणे यांच्यातली सीमा नेमकी हीच आहे.

राहिला कुळाचा प्रश्न. त्यात रस घ्यायला माझा विरोध नाही, उलट तो नीट घेतला जावा एवढेच म्हणणे आहे. ‘आळणे’सारखे ध्वनी ऐकून मूळ ठरवणाऱ्यांनी शेजारचे शब्द पाहावेत. झाडाभोवतीचे आळे आलवालापासून, मीठ नसलेले अळणी अलवणापासून, देवाला आळवणे आलापाच्या घरचे. तीन सारखे दिसणारे शब्द, तीन वेगळी कुळे. शिवाय मराठीतला ‘ळ’ कधी संस्कृतातल्या ‘ल’पासून येतो, जसे फलाचे फळ, आणि कधी ‘ड’पासून, जसे गुडाचा गूळ, तडागाचे तळे. एका अक्षराला दोन वाटा असताना, जुने लिखित प्रयोग आणि शेजारच्या भाषांतली रूपे न मांडता जो ठामपणे ‘हा अमुक धातूच’ म्हणतो, त्याचे कशावरून ऐकायचे? तो संस्कृताचा कैवार घेणारा असो की तमिळचा, पद्धत तेवढीच कच्ची.

जिथे पुरावा आहे तिथे काय दिसते? बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण लिहिताना क्वथ् म्हणजे उकळणे या धातूच्या जागी ‘अट्ट’ येतो असे सांगितले आणि ‘अट्टइ’, ‘कढइ’ अशी रूपे दिली. कढइ ध्वनिनियमांनी क्वथ्‌पासूनच येते. आपले कढणे, कढी, काढा हे सगळे तिथले. अट्टइ मात्र कोणत्याही ध्वनिनियमाने क्वथ्‌मधून निघत नाही, व्याकरणकाराने तो फक्त त्याच्या शेजारी बसवला आहे. आणि कन्नडात शिजवणे म्हणजे ‘अडु’, स्वयंपाक म्हणजे ‘अडिगे’, तमिळात चूल म्हणजे ‘अडुप्पु’. कढणे उत्तरेकडून आले, आटणे बहुधा दक्षिणेकडचे, आणि दोन्ही एकाच चुलीवर चढली. त्याच हेमचंद्राने संस्कृत ‘स्त्यान’, म्हणजे घट्ट झालेले, याचे प्राकृत रूप ‘थीण’ दिले आहे. गुजरातीत आजही घट्ट तूप थीणुं आणि थिजणे म्हणजे थीजवुं. ज्या तुपाबद्दल हे बोलायचे ते तूप प्राकृतात आणि कन्नडात ‘तुप्प’, आणि ज्या घट्टपणाबद्दल बोलायचे तो कन्नडात ‘गट्टि’. ‘तूप थिजून घट्ट झाले’ हे साधे वाक्य घ्या. त्यातला कोणता शब्द बाहेर काढला म्हणजे मराठी शुद्ध होईल?

संस्कृताचा आधार घेणाऱ्यांसमोर मला एक गोष्ट आवर्जून ठेवायची आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘द्रवमूर्तिस्पर्शयोः श्यः’ असे सूत्र आहे. द्रवाने घट्ट आकार धरणे आणि गार स्पर्श, या दोनच अर्थी श्यै या धातूचे रूप बदलते, असे ते सांगते: थिजलेले तूप ‘शीन’, गार स्पर्श ‘शीत’. काशिका या टीकेत उदाहरण आहे ते ‘शीनं घृतम्’, आणि जिथे हा नियम लागत नाही तिथले उदाहरण थंडीने आखडलेल्या विंचवाचे, ‘संश्यानो वृश्चिकः’. म्हणजे ज्या ‘श्यान’वरून आपण श्यानता केली ते रूप या सूत्राप्रमाणे थिजलेल्या द्रवाचे नव्हे, विंचवाचे. पुढच्या काव्यात ही रेघ पुसट झाली, रघुवंशात शरदातल्या वाळत्या चिखलालाही ‘आश्यान’ म्हटले आहे, तेव्हा श्यानता चूक ठरवण्यासाठी मी हे सांगत नाही. सांगायचे ते वेगळे. पाणिनीने तूप थिजणे आणि विंचू आखडणे यांत लोक जो फरक करत होते तो ऐकला आणि त्यासाठी सूत्र लिहिले. संस्कृत जिवंत बोली होती तेव्हा तिचा सर्वांत मोठा व्याकरणकार बोलणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत होता. त्याचा वारसा सांगायचा आणि आपल्या काळातल्या बोलणाऱ्यांचे आळणे-आटणे कानाआड करायचे, हे कोणत्या परंपरेत बसते?

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे शब्दच येत नाहीत, मग ते शाळेत आणून काय उपयोग, असा शेवटचा आक्षेप असतो. मुंबई-पुण्यात, आणि परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत तर तो बराच खरा आहे. त्यांच्यासाठी सगळेच ‘थिक’ होते. पण शब्द येत नाहीत म्हणून ते शिकवायचे नाहीत, हा नियम आपण इंग्रजीला कधी लावला? उलट या मुलांना फरकच दिसेनासा झाला आहे, कारण तो दाखवणारे बोट नाहीसे झाले. पाठ्यपुस्तकात करायचे ते फार अवघड नाही. दोन भांडी घ्यावीत, एकात दूध आणि एकात पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ. दोन्ही दाट होईपर्यंत तापवावीत, आधी आणि नंतर वजन करावे. एकात वजन बरेच घटलेले दिसेल, दुसऱ्यात जेमतेम. मग विचारावे, आटले कोणते आणि आळले कोणते. श्यानता त्यानंतरच्या पानावर येऊ द्यावी, तेव्हा तिला काय मोजायचे आहे हे मुलांना आधीच माहीत असेल.

आणि परिभाषा घडवणाऱ्या मंडळांनी कोशातून कोश करण्याऐवजी एका हंगामासाठी गुऱ्हाळात, हलवायाच्या भट्टीवर, मागावर जाऊन बसावे. गुऱ्हाळे बंद पडत चालली आहेत, उरलेल्यांत तापमापक येत आहेत, आणि पाक कोणत्या टप्प्याला आला हे सांगणारे गुळव्यांचे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे म्हातारी झाली आहेत. हे शब्द उतरवून घ्यायला संस्कृत-द्राविड वादाचा निकाल लागायची गरज नाही. वही, ध्वनिमुद्रक आणि ऊस गाळपाला लागल्यापासूनचे तीन-चार महिने एवढे पुरे आहे, आणि मराठीच्या अभिजातपणासाठी जो निधी येईल त्यातला पहिला भाग मी इथेच खर्च करीन.